पैसे किती बँकांत ठेवायचे? व्याज, विमा आणि थोडं गणित

आजचा भाग ज्यांना ऐकायचा कंटाळा आलाय किंवा लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे जिथे आकडे भराभर म्हणून टाकले, तिथे इथे सावकाश मांडलेत. हातात कॅल्क्युलेटर घेऊन वाचलंत तर उत्तम.

आणि हो, नेहमीचंच वाक्य: मी कुठल्याही बँकेचा एजंट नाही, कुणी मला या भागासाठी पैसे दिलेले नाहीत. दर बदलत राहतात. त्यामुळे दर पाठ करू नका, पद्धत समजून घ्या.

प्रश्न काय होता?

चिंचवडहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणते, "दादा, मी २६ वर्षांची आहे, पगार ४२ हजार. सेव्हिंग खात्यात ३ लाख ६० हजार नुसते पडून आहेत. मैत्रीण म्हणते तीन-चार बँकांत खाती उघड, पैसे वाटून ठेव, जास्त व्याज मिळतं. खरं आहे का? आणि दुसरं म्हणजे, बाबा गेल्या महिन्यात ५८ व्या वर्षी रिटायर झाले. १४ लाख मिळालेत. ते सगळे गावातल्या सहकारी बँकेत ठेवायचं म्हणतायत, कारण तिथे दर जास्त आहे आणि मॅनेजर ओळखीचा आहे. मला भीती वाटते, पण बाबांना काय सांगू ते कळत नाही."

एकाच मेसेजमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला व्याजाचा, दुसरा सुरक्षिततेचा. आपण सगळे या दोन्हींची खिचडी करतो, आणि मग दोन्हीकडे गडबड होते. म्हणून आज एकेक सुटा करून बघूया.

सेव्हिंग खात्याचं व्याज मोजतात कसं?

आधी बेसिक. २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत सेव्हिंग खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवायची. सगळ्या बँकांत तोच दर. त्यानंतर बँकांना मोकळीक मिळाली: आपापला दर ठरवा. अट एक घातली की १ लाखापर्यंतच्या शिल्लकेवर सगळ्या ग्राहकांना एकच दर द्यायचा. १ लाखाच्या वर मात्र रकमेप्रमाणे वेगवेगळा दर देता येतो. बँकांच्या दरपत्रकात '१ लाखापर्यंत अमुक, त्यावर तमुक' असं जे दिसतं, त्याचं मूळ हे आहे.

मोजणी रोजची होते. १ एप्रिल २०१० पासून बँका दिवसअखेरीच्या शिल्लकेवर व्याज काढतात. म्हणजे पैसे चारच दिवस खात्यात असले तरी त्या चार दिवसांचं व्याज मिळतं. त्याआधी १० तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायचे. आपल्या आई-बाबांच्या डोक्यात '१० तारखेच्या आत पैसे भर' हे जे पक्कं बसलंय ना, ते तिथून आलंय. गंमत म्हणजे पोस्टाच्या बचत खात्यात तो नियम आजही चालू आहे. पोस्टाचा दर ४ टक्के, बऱ्याच बँकांपेक्षा चांगला. पण महिन्याच्या २० तारखेला खातं रिकामं करून २२ ला परत भरलंत, तर त्या महिन्याचं व्याज जवळपास गेलंच म्हणा.

आता दर. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये सेव्हिंगचा दर २.५ टक्क्यांवर आणला. म्हणजे ३ लाख ६० हजारांवर वर्षाला ९ हजार रुपये. महिन्याला ७५० रुपये. एवढ्या पैशात दोन जणांचं बाहेरचं जेवणसुद्धा जेमतेम होतं.

मग वाटून ठेवलं तर वाढतं का?

इथे मैत्रिणीचं म्हणणं तपासूया. वाटल्यामुळे व्याज वाढत नाही. दर वाढला तर व्याज वाढतं. ऐकायला साधं आहे, पण सगळा घोळ इथेच होतो.

समजा तिने पैसे तीन बँकांत १ लाख २० हजार प्रमाणे ठेवले आणि तिन्हीकडे ३ टक्के मिळाले. वर्षाला १० हजार ८०० रुपये. आधी ९ हजार मिळत होते. फायदा १,८०० रुपये, महिन्याला १५०. आणि त्यासाठी तीन ॲप, तीन पासवर्ड, तीन डेबिट कार्डं.

आता याच्या उलटं होणारं उदाहरण घेऊ. एखाद्या बँकेचा तक्ता असा आहे समजा: पहिल्या १ लाखावर ३ टक्के, १ लाखाच्या वरच्या रकमेवर ५ टक्के. (हे आकडे फक्त उदाहरणाचे.) सगळे ३ लाख ६० हजार याच एका बँकेत ठेवले तर पहिल्या लाखावर ३ हजार, उरलेल्या २ लाख ६० हजारांवर १३ हजार. एकूण १६ हजार.

तेच पैसे असाच तक्ता असलेल्या तीन बँकांत वाटले तर? प्रत्येकीत १ लाख २० हजार. पहिल्या लाखाचे ३ हजार, वरच्या २० हजारांचे १ हजार. एका बँकेत ४ हजार, तिन्ही मिळून १२ हजार.

म्हणजे वाटल्यामुळे वर्षाला ४ हजारांचं नुकसान! कारण तिन्हीकडे तिचे पहिले लाख कमी दराच्या पायरीवर अडकले. पायऱ्यांचा दर असेल तिथे पैसे एकत्र ठेवलेले बरे.

आणखी एक बारकावा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात '७ टक्क्यांपर्यंत व्याज' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा. तो दर बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या पायरीचा असतो, आणि ती पायरी तुमच्या शिल्लकेच्या कितीतरी वर असू शकते. शिवाय तो दर पूर्ण शिल्लकेवर मिळतो की फक्त त्या पायरीच्या वरच्या रकमेवर, हेही बघा. तुमच्या रकमेवर वर्षाला नेमके किती रुपये येतील, एवढाच प्रश्न विचारा. टक्के विसरा, रुपये मोजा.

प्रत्येक खात्याचा खर्च

खातं फुकट नसतं. डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, किमान शिल्लक राहिली नाही तर दंड, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. समजा कार्डाची फी २५० रुपये असेल तर जीएसटीसकट २९५ होतात. वर आपण मोजलेल्या १,८०० च्या फायद्यातून दोन नव्या खात्यांचे ५९० असेच गेले. एखाद्या तिमाहीत किमान शिल्लक राहिली नाही तर उरलेलंही गेलं.

नोकरी बदलल्यावर पगार खातं साध्या खात्यात बदलतं आणि किमान शिल्लकेची अट लागू होते, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. पगार बंद झालेलं खातं एकतर बंद करा, नाहीतर त्याचे नियम विचारून घ्या.

दुसरं म्हणजे खातं विसरलं जाणं. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर ते पैसे रिझर्व्ह बँकेकडच्या एका निधीत जमा होतात. पैसे बुडत नाहीत, मागता येतात, पण हेलपाटे घालावे लागतात. असे पडून राहिलेले पैसे शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. आजोबांच्या नावाने एकदा शोधून बघा, सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर विशी-तिशीतल्या माणसाला दोन खाती पुरतात. एक रोजच्या वापराचं, ज्याला यूपीआय जोडलेलं आहे. दुसरं साठवणीचं, ज्याला यूपीआय अजिबात जोडायचं नाही. चहा-वडापावचे स्कॅन पहिल्यातून. उद्या कुणी लिंक पाठवून फसवलंच, तर निदान रोजच्या खात्यातले जातील, साठवणीतले वाचतील. दुसऱ्या खात्याचा हा फायदा व्याजाच्या १५० रुपयांपेक्षा मोठा आहे.

खरा फरक पडतो तो एफडीने

२.५ वरून ३ टक्क्यांवर जाण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा, जे पैसे उद्याच लागणार नाहीत ते सेव्हिंगमधून काढणं जास्त फायद्याचं. लोक एफडीला घाबरतात ते एकाच कारणाने: "मध्येच गरज लागली तर?"

तर मोडायची! गणित बघा. १ लाखाची एक वर्षाची एफडी ६.५ टक्क्यांनी केली. वर्षभर ठेवली तर तिमाही चक्रवाढीने साधारण ६,६६० रुपये व्याज. पण चार महिन्यांनी मोडावी लागली. अशा वेळी बँक तुम्हाला ६.५ देत नाही. जितके महिने पैसे ठेवले तितक्या मुदतीचा दर धरते आणि त्यातून दंड वजा करते. समजा चार महिन्यांचा दर ५ टक्के आणि दंड १ टक्का, तर हातात ४ टक्के. चार महिन्यांचे १,३३३ रुपये. तेच पैसे सेव्हिंगमध्ये २.५ टक्क्यांनी असते तर ८३३. म्हणजे दंड भरूनसुद्धा ५०० रुपये जास्तच. फक्त एक लक्षात ठेवा: सात दिवसांच्या आत मोडली तर काही मिळत नाही, आणि करतानाच 'मुदतीआधी मोडता येत नाही' असा प्रकार निवडू नका. त्याला दर किंचित जास्त असतो, पण तो अडीअडचणीच्या पैशांसाठी नाही.

यातही एक शहाणपण आहे: एकच मोठी एफडी करू नका, तुकडे करा. ३ लाखांची एक करण्याऐवजी ७५ हजारांच्या चार करा: ३, ६, ९ आणि १२ महिन्यांच्या. जी पूर्ण होईल ती परत १२ महिन्यांसाठी ठेवायची. वर्षभरात अशी शिडी तयार होते की दर तीन महिन्यांनी एक एफडी मोकळी होते. ५० हजार लागले तर एकच मोडायची, बाकी तीन शांत झोपलेल्या.

ज्यांना हे सगळं आठवणीत ठेवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ऑटो-स्वीपची सोय असते. खात्यात ठरलेल्या रकमेच्या वर पैसे गेले की बँक आपोआप एफडी करते, आणि कमी पडले की आपोआप मोडते. ही सोय घेताना दोन प्रश्न विचारा. किती रकमेच्या वर स्वीप होतं? आणि मोडताना आधी कुठली एफडी मोडता, जुनी की नवी? नवी आधी मोडणं तुमच्या फायद्याचं, कारण जुनीवर जास्त दिवसांचं व्याज साठलेलं असतं.

आता चिंचवडच्या ताईचा हिशोब. पहिलं काम: ६० हजार पगार खात्यात राहू देत, २.५ टक्क्यांनी १,५०० रुपये. दुसरं: ३ लाखांची शिडी. दर ६ टक्के धरला आणि शिडी एकदा बसली की वर्षाला साधारण १८,४०० रुपये. एकूण १९,९००. आज मिळतायत ९ हजार. एवढा फरक तीन बँका न फिरता, घरबसल्या एका ॲपमधून.

टॅक्सचं काय?

थोडक्यात सांगतो. सेव्हिंगचं आणि एफडीचं दोन्ही व्याज उत्पन्नात धरलं जातं. जुन्या करप्रणालीत सेव्हिंगच्या व्याजावर १० हजारांपर्यंतची वजावट आहे (तीच ती ८०टीटीए), नव्या प्रणालीत ती नाही. एफडीच्या व्याजावर टीडीएस कापायची मर्यादा एप्रिल २०२५ पासून एका बँकेत वर्षाला ५० हजार रुपये झाली. ज्येष्ठ नागरिकांना १ लाख.

काही जण टीडीएस वाचवायला चार बँकांत एफडी करतात. त्याने टीडीएस वाचतो, टॅक्स वाचत नाही! सगळं व्याज आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. ताईच्या पगारावर नव्या प्रणालीत कर शून्यच येतो, त्यामुळे तिला काळजी नाही. पण रिटर्नमध्ये व्याज दाखवायचं.

बाबांचे १४ लाख: इथे वाटणं खरंच गरजेचं

आता महत्त्वाचं. वाटून ठेवण्याचं खरं कारण व्याज नाही, विमा आहे.

१९६० मध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून आपल्याकडे ठेवींना विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. वाढत वाढत १९९३ मध्ये ते १ लाख झालं आणि मग २७ वर्षं तिथेच थांबलं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख आहे. हा विमा देणारी संस्था म्हणजे डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेचीच कंपनी. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही.

१ लाखाचे ५ लाख व्हायच्या आधी काय घडलं ते मुंबईकरांना आठवत असेल. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध आले. पहिल्या दिवशी सांगितलं, सहा महिन्यांत खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येतील. पुढे मर्यादा वाढत गेली, पण जून २०२० मध्येही ती १ लाखच होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि ज्यांच्या मोठ्या ठेवी होत्या त्यांना पैसे दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळणार असं ठरलं. त्या लोकांनी जुगार खेळला नव्हता. त्यांनी घराजवळच्या बँकेत एफडी केली होती, बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पुन्हा शाखांबाहेर रांगा लागल्या.

आता विम्याचे नियम नीट ऐका, म्हणजे वाचा.

एक, ५ लाख हे मुद्दल अधिक व्याज मिळून. ५ लाखांची एफडी केली तर त्यावरचं व्याज विम्याबाहेर. ७ टक्के दर असेल तर ४ लाख ६० हजार ठेवा, वर्षअखेर ४ लाख ९३ हजार होतात, सगळे आत.

दोन, मर्यादा एका माणसाला, एका बँकेत. त्याच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी बेरीज एकच. सेव्हिंग, एफडी, आरडी, सगळं त्यात आलं.

तीन, संयुक्त खातं वेगळं धरतात. बाबांचं एकट्याचं खातं, आणि बाबा-आई असं संयुक्त खातं, यांना वेगवेगळं ५-५ लाखांचं संरक्षण. इतकंच काय, आई-बाबा असा नावांचा क्रम उलटा केला तर तेही वेगळं धरलं जातं.

चार, सहकारी बँक, स्मॉल फायनान्स बँक, सरकारी बँक, सगळ्यांना संरक्षण सारखंच. पण पतसंस्थेला नाही! गावाकडे लोक पतसंस्थेलाही सरळ 'बँक' म्हणतात. ती बँक नाही, तिथे हा विमा लागू नाही. तसंच ॲपवरून कुणी फायनान्स कंपनीची एफडी विकत असेल, तर तिलाही नाही. डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि २०२१ च्या कायदाबदलामुळे बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागायचं.

म्हणजे बाबांनी १४ लाख एका बँकेत एकट्याच्या नावावर ठेवले, तर ५ लाख संरक्षित, ९ लाख मॅनेजरच्या ओळखीवर. मॅनेजर चांगला माणूस असेलही. पण बँक अडचणीत आली तर त्याच्या हातात काही राहत नाही.

मग बाबांना काय सांगायचं?

"बाबा, तुमची बँक वाईट आहे," असं म्हणू नकोस. ते ऐकणार नाहीत, आणि ती वाईट आहे हे आपल्याला माहीतही नाही. असं म्हण: "बाबा, त्या बँकेत ठेवू या, पण साडेचार लाख." ७ टक्क्यांनी वर्षात ४ लाख ८२ हजार होतात, विम्याच्या आत. ओळख राहिली, मानही राहिला.

९ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. पोस्टात किंवा काही बँकांत उघडता येते, पाठीशी सरकार आहे. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे, २०२५ मध्येही तोच होता, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. ९ लाखांवर वर्षाला ७३,८०० रुपये, म्हणजे दर तिमाहीला १८,४५० थेट खात्यात. ही योजना तशी साठीनंतरची, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांनाही मिळते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवायचे. बाबांचा एक महिना गेलाय, त्यामुळे ताई, हे 'बघू नंतर' म्हणून टाळू नकोस. या व्याजावर टीडीएस कापला जाऊ शकतो. कर लागतच नसेल तर आधीच तसं घोषणापत्र देता येतं.

उरलेले ५० हजार सेव्हिंगमध्ये, दवाखान्या-बिवाखान्यासाठी. पण गावातल्या त्याच बँकेत नाही, कारण तिथे साडेचार लाख आधीच आहेत आणि बेरीज ५ लाखांच्या पुढे जाईल. दुसऱ्या बँकेत.

आणि सगळीकडे वारसदाराचं नाव लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. आईचं नाव आहे का ते आजच बघ.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन गोष्टी. आपल्या सगळ्या खात्यांची यादी कागदावर लिहा, प्रत्येकाचा दर आणि वर्षाचा खर्च समोर मांडा. घरात कुणाची एका बँकेत ५ लाखांच्या वर ठेव आहे का, ते विचारा. आणि तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त पैसे सेव्हिंगमध्ये पडून असतील, तर निदान एक छोटी एफडी करून बघा.

पुढच्या भागात आरडी की एसआयपी, हा तुमचा दर आठवड्याचा प्रश्न एकदाचा घेऊन टाकू. प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस मेसेज चालेल, फक्त ट्रॅफिकमध्ये उभं राहून बोलू नका. भेटूया!